गव्हाणच्या खारीत नेलेली गुरं

लग्न झाल्यावर पहिली चार-पाच वर्षं मला माहेरी जायला मिळायचं ते गुरांमुळे. सासर सुकापूरच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. माहेर गव्हाणला, खाडीकाठी. मधे पनवेल. आज या अंतराला कोणी अंतर म्हणणार नाही, पण तेव्हा सासूबाईंच्या मनात आल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नसे, आणि सासूबाईंच्या मनात तसं सहसा येत नसे. गुरांचं मात्र वेगळं होतं. दरवर्षी भात झोडून झालं की आमच्या घरची सगळी गुरं माझ्या दादाच्या खारीत चरायला न्यायची, हे माझ्या लग्नातच ठरलं होतं.

त्याला कारण होतं. आमच्या माळावरचं गवत दिवाळीनंतर कापलं जाई. त्याचे भारे पनवेलच्या बंदरावर जात आणि तिथून गलबतांनी मुंबईच्या तबेल्यांकडे. माळ कापून झाला की आमच्याच गुरांना चरायला काही उरत नसे, आणि घरचा पेंढा पावसाळ्यासाठी राखून ठेवावा लागे. दादाची खार म्हणजे खाडीला बांध घालून काढलेली भातजमीन. कापणी झाल्यावरही तिच्यात ओल राही, कापलेल्या भाताच्या बुडख्यांना हिरवे फुटवे येत, बांधांवर गवत असे. वरच्या बाजूला पावसाच्या गोड्या पाण्याचं एक तळं होतं. गुरं दीड-दोन महिने तिथे चरत, दादाच्या जमिनीला शेणखत मिळे. कोणी कोणावर उपकार करत नव्हतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणे. लहानपणी त्यांनी दुसऱ्यांची गुरं राखली होती. त्या राखणीबद्दल मिळालेल्या एका कालवडीपासून त्यांनी एकतीस गुरं केली होती. कोणती गाय कोणाच्या पोटची, कोणती कोणत्या पावसात व्याली, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. जेवायला बसण्याआधी गोठ्यात जाऊन प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवून यायचे. सासूबाईंच्या पाठीवरून त्यांनी कधी हात फिरवला असेल असं मला वाटत नाही. माझा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता, महिन्या-दोन महिन्यांनी येई. म्हणून गुरांबरोबर जायचे ते मामा आणि त्यांचे धाकटे भाऊ. त्यांना मी काका म्हणे. काकांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते मामांच्या हाताकडे बघून काम करत. आणि तिसरी मी. खारीवर तिघांना रांधून घालायला, शेण गोळा करायला बाईमाणूस हवं, असं कारण होतं. मी त्या कारणावर वर्षभर जगायचे.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी मामांनी बाजारातून एक कबरी गाय आणली. घाटावरची होती. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, शिंगं आत वळलेली, अंगाने भरलेली. तिच्या येण्याने मामा खूश होते. गोठ्यात मधल्या खुंट्याला, आपल्या सगळ्यात जुन्या गायीशेजारी त्यांनी तिला बांधलं.

निघायच्या सकाळी मी गव्हाणीतला पेंढा बघितला. सगळ्यांनी खाल्ला होता, कबरीने तोंड लावलेलं नव्हतं. मान खाली घालून उभी होती. दोन्ही डोळ्यांतून पाणी येऊन गालावर ओघळ पडले होते. नाकही वाहत होतं. मी तिचं तोंड वर केलं तर वास आला. गुरांच्या तोंडाचा जो गवताचा वास असतो तो नव्हे. कुजका, घसा आवळणारा. मी हात मागे घेतला.

मामा दोर सोडत होते. मी म्हटलं, "मामा, कबरीनं रातचा पेंढा खाल्ला नाय. डोल्यांतून पानी येतंय."

"थंडी हाय. दव पडतंय."

"तोंडाला वास येतोय."

"जनावराच्या तोंडाला काय अत्तराचा वास येनार?" ते म्हणाले, पण हातातला दोर ठेवून तिच्याकडे आले. तिच्या कानाच्या बुडाशी हात लावला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. ताप कळतो तिथे. मग त्यांनी दोर पुन्हा उचलला.

त्यानंतर मी एक शब्दही बोलले नाही. याचं कारण मी कित्येक वर्षं स्वतःलाही वेगळं सांगत होते. सुनेचं कोण ऐकतं, असं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. माझं गाठोडं बांधून उंबऱ्याशी ठेवलेलं होतं. त्यात वहिनीसाठी दोन वाटे सुकी चिंच होती, दादाच्या पोरांसाठी करंज्या होत्या. गुरं थांबली असती तर मी थांबले असते. कबरी चालू शकते का, हे बघत मी मनातून तिला चाल म्हणत होते.

आम्ही निघालो. गाढी नदी उतरताना गुरं नेहमीप्रमाणे पाण्यात रेंगाळली. पनवेलला वळसा घालून, शहराबाहेरच्या एका तळ्यावर त्यांना पाणी पाजलं. कबरी पाणी मात्र प्यायली, पुष्कळ प्यायली. दुपारनंतर ती मागे पडू लागली. काका तिच्या शेपटीला हात लावून तिला पुढे ढकलत होते. संध्याकाळच्या आत गव्हाण गाठायचा बेत होता, तो तिच्यामुळे साधला नाही. वाटेतल्या एका वाडीत मामांच्या ओळखीचं घर होतं. तिथे मुक्काम केला. त्या घरच्या माणसाने गुरांना आपल्या गुरांच्या वाड्यात घेतलं, आपल्या चार बैलांशेजारी. आपल्या हाताने सगळ्यांपुढे वैरण टाकली.

दुसऱ्या दिवशी गव्हाणच्या शिवेवर आल्यावर मामांनी कळप थांबवला. खांद्यावरचं फडकं डबक्यात भिजवलं आणि कबरीचे डोळे पुसले. मग नाक, मग तोंडाभोवतीची लाळ. परत एकदा फडकं पिळून गालांवरचे सुकलेले ओघळ खरवडून काढले. इतक्या मायेने पुसत होते की कोणी बघितलं असतं तर त्यांना दुवा दिली असती. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादाला कायबी सांगू नको. उद्या चरंल, बरी होईल. आता माघारी नेली तर ही सगली खानार काय? मालावरचं गवत कापून झालं आपलं."

"बरं," मी म्हटलं.

दादा बांधावरच उभा होता. "आली गो बाय!" असं लांबूनच ओरडला. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आईवडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, लग्न लावून दिलं. त्याच्याकडे त्या वेळी एक बैलजोडी आणि एक गाभण म्हैस होती. बैल त्याने स्वतः लहानाचे मोठे केले होते. दर पावसाळ्यात खारीतल्या पोटरीभर चिखलात तेच नांगर ओढत. त्याने आमची गुरं खारीत उतरवून घेतली आणि माझं गाठोडं स्वतः डोक्यावर घेतलं. वहिनीने चिंचेचा वास घेऊन डोळे मिटले. त्या संध्याकाळी मी हसत होते, हे मला नीट आठवतं.

तिसऱ्या दिवशी कबरीला हगवण लागली. पाण्यासारखी, मग रक्ताची. मामांनी तिला बांधापलीकडे नेऊन वेगळी बांधली आणि दादाला सांगितलं की नवी आहे, बाकीच्यांना मारते. पाचव्या दिवशी ती मेली. कापणीनंतर दादा मिठागरावर रोजाने जाई; तो तिथून परत आला तेव्हा मामा आणि काका खड्डा बुजवत होते.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"पान लागलं," मामा म्हणाले. पान लागलं म्हणजे साप चावला. रात्री सापाचं नाव घेऊ नये म्हणून आमच्याकडे असं म्हणतात; मामांनी ते भर दुपारी म्हटलं.

दादा हळहळला. बांधावर काठी घेऊन बिळं शोधत फिरला. एक सापडलं, त्यात त्याने दगड ठोकून बसवले. वहिनीने पोरांना तिकडे जायला बंदी केली. मी चुलीपुढे बसून हे सगळं बघत होते. त्या दिवशी सांगता आलं असतं. दादा समोर बसून जेवत होता, मामा बाहेर होते. मी त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हटलं, "अजून घे."

पुढचे काही दिवस काही झालं नाही. मला वाटू लागलं की मामांचं खरं असेल, एका गायीपुरतंच होतं ते. मग एका सकाळी आमची सगळ्यात जुनी गाय उठली नाही. तिच्या डोळ्यांतून तसंच पाणी येत होतं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. त्यानंतर मोजणं अवघड झालं. गुरं उभी राहायची ती मान लांब करून, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत. हिरड्यांवर कोंडा चिकटावा तसे पांढरे पापुद्रे आले होते. खायला जायची आणि दुखून तोंड मागे घ्यायची. सगळ्या खारीत तो वास भरला. तो वास मला आमच्या घरच्या गोठ्यापासून ओळखीचा होता.

मामा दिवसभर या जनावराकडून त्या जनावराकडे जात. कोणाच्या तोंडात तुरटीचं पाणी ओतत, कोणाला ताकातून कसलासा पाला वाटून पाजत. जेवत नव्हते. त्यांना दोष देताना मी हे विसरू शकत नाही. त्यांच्या पन्नास वर्षांचं सगळं त्या चिखलात आडवं पडत होतं.

मग दादाची म्हैस पडली. दादा तिच्या तोंडापाशी बसला, उठला आणि पनवेलच्या वाटेला लागला.

पनवेलला तेव्हा गुरांचे एक डॉक्टर होते. बेने इस्राएलांपैकी, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांपैकी, ज्यांना आमच्या गावात जुनी माणसं शनवार तेली म्हणत. आपल्यासारखंच मराठी बोलणारे, गोरेसे, चष्मा लावणारे. तो शनिवार होता, त्यांचा विसाव्याचा दिवस. दादा त्यांच्या ओटीखाली जाऊन उभा राहिला, तेव्हा घरातली माणसं म्हणाली की आज नाही, उद्या. डॉक्टर आतून ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी दोनच प्रश्न विचारले, लाळ येते का आणि हगवणीत रक्त आहे का. मग चपला घातल्या.

खारीत उतरल्यावर त्यांनी धोतराचा काचा खोचला आणि एकेक जनावर बघितलं. ओठ उलटून आत बोट फिरवलं, शेपूट उचलली. तोंडावर रुमाल बांधला नव्हता. गावातली दहा-पंधरा माणसं बांधावर जमली होती. सगळी बघून झाल्यावर डॉक्टरांनी तळ्यावर हात धुतले आणि म्हणाले, "बुळकांडी आहे."

गोठेच्या गोठे रिकामे करणारी गुरांची साथ ती. तो शब्द सगळ्यांना माहीत होता. दोन-तीन जण आपापल्या गोठ्यांकडे अक्षरशः पळत गेले.

"ही गुरं इथे येऊन किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोला," दादा म्हणाला.

"येताना यातलं एखादं आजारी होतं? नीट सांगा. कोणाला पकडायला नाही आलो मी."

"नाय साहेब," मामा म्हणाले. "सगली धडधाकट होती. इथं आल्यावर झालं. या तल्याचं पानी बाधलं."

दादाने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता तो भांडेल. पण तो पुढे गेला, हात जोडले आणि म्हणाला, "सोयरे, माज्या जमिनीनं तुमची गुरं खाल्ली. मी आता काय तोंड दाखवू?" आणि खाली वाकून त्याने मामांच्या पायांना हात लावला.

मामांनी पाय मागे घेतले नाहीत.

मी वहिनीच्या मागे उभी होते. पदर डोक्यावर होता. सासऱ्यांसमोर, चार परक्या पुरुषांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, गाय घरूनच आजारी होती."

माझाच आवाज मला दुसऱ्या कोणाचा वाटला. मामा वळले. काकांना ऐकू गेलं नव्हतं, ते मामांच्या चेहऱ्याकडे बघून घाबरले. दादा वाकलेलाच होता, तो हळूहळू सरळ झाला.

डॉक्टरांनी मामांकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून वही आणि पेन्सिल काढली. "बाई, इकडे या. घरातून निघाल्यापासून कुठे कुठे थांबलात? पाणी कुठे पाजलंत? मुक्काम कोणाकडे केलात? घाई करू नका, पण काही सोडू नका."

मी सांगितलं. नदीचा उतार, पनवेलबाहेरचं तळं, वाटेतली वाडी, त्या माणसाचा वाडा, त्याचे चार बैल. कबरीला कुठल्या दावणीला बांधली, वैरण कोणी टाकली. शिवेवर डोळे पुसले, ते फडकं कुठल्या डबक्यात भिजवलं. ते लिहीत गेले. मधे एकदाच थांबले आणि विचारलं, "त्या वाडीत अजून किती गुरं असतील?" मी म्हटलं, "पुष्कल."

ते त्याच पावली निघाले. जाताना दादाला आणि मामांना सांगून गेले, "इथलं एकही जनावर इथून हलवायचं नाही. मेलेलं खोल पुरायचं, वर चुना टाकायचा. कातड्यांवर वार करा, म्हणजे कोणी सोलून नेणार नाही. दोघांनी मिळून करा, एकट्याने होणार नाही."

म्हणून आम्ही तिथेच राहिलो. त्यापुढचे तीन आठवडे हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. दोन घरांची माणसं, एकाच खारीत, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. खार जमिनीत खड्डा खणला की हातभर खोलीवर पाणी लागतं. ते खारट पाणी भरत जाई, आणि जनावर त्यात लोटलं की तरंगे. दादा आणि मामा समोरासमोर उभे राहून बांबूंनी ते खाली दाबून धरत आणि काका माती ओढत. दोघांचे बांबू एकमेकांना लागत, पण नजर लागत नसे. भरतीला बांधाखालून पाणी झिरपलं की बुजवलेले खड्डे पुन्हा फुगत. ते पुन्हा बुजवायचे. कावळे, गिधाडं, कुत्री सतत. आता दोन घरांच्या दोन चुली पेटत. वहिनीने सांगितलं होतं, "तुमचं तुमी रांधा." त्याआधी चार वर्षं आम्ही एकाच चुलीवर रांधलं होतं.

म्हैस मेली तेव्हा तिच्या पोटातलं पारडू दोन वेळा हललं. वहिनी तिच्या कुशीवर हात ठेवून बसली होती. तिने मला हाक मारली नाही, पण मी तिथेच होते हे तिला माहीत होतं. मग दादाचा एक बैल गेला, आणि चार दिवसांनी दुसरा. दुसरा जोडीदाराच्या खुंट्याकडे तोंड करून बसला होता. दादाने त्याला पुरायला मामांची मदत घेतली नाही. एकट्याने सकाळपासून दुपारपर्यंत खणत होता.

आमच्या एकतीसांपैकी नऊ जगली. डॉक्टर मधे दोनदा येऊन गेले. गव्हाणची आणि आसपासची बाकी गुरं त्यांनी टोचली. तिसऱ्या खेपेला म्हणाले की आता न्यायला हरकत नाही, जी जगली त्यांना हा रोग पुन्हा होणार नाही. त्या वाडीबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, "चार बैल गेले त्या माणसाचे. शेजारच्या वाड्यातली तीन. बाकीच्यांना लस पोचली." त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढे सात-आठ वर्षांनी मला ते पनवेलच्या बाजारात भेटले. घरचं सामान विकत होते. सगळं कुटुंब इस्राएलला चाललं होतं. मी ओळख दिली तर त्यांना मी आठवले नाही. गव्हाणची खार म्हटल्यावर म्हणाले, "हो हो, ती गाभण म्हैस."

आम्ही निघालो त्या सकाळी मामांनी त्या नऊ गुरांतले दोन तरणे बैल मागे ठेवले. दादाच्या रिकाम्या गोठ्यात नेऊन बांधले आणि वळून न बघता सात गुरं पुढे घातली. दादा घरात होता. वहिनी दारात उभी होती, तिने मला हळद-कुंकू लावलं नाही.

आठवडाभराने दादा आमच्या दारात आला. एवढं अंतर चालत, दोन्ही बैल घेऊन. त्याने ते बाहेरच्या आंब्याला बांधले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले. त्याने तांब्याला हात लावला नाही.

"दादा, बैल ठेव. शेती कशी करशील?"

"जनावरांचा दोष नाय," तो म्हणाला. "पन माज्या खुंट्याला नकोत."

"मी सांगितलं ना रे सगलं. चारचौघांत सांगितलं."

"सांगितलंस. सोलाव्या दिवशी. पहिल्या दिवशी माज्यासमोर बसून करंज्या वाटल्यास."

तो ओरडला असता तर मी रडले असते आणि कदाचित मोकळी झाले असते. तो साध्या आवाजात बोलला, पिकाबद्दल बोलावं तसा. मग आला तसा परत गेला. मी तांब्या हातात धरून आंब्यापाशी उभी राहिले, तोवर तो नदीच्या उतारापलीकडे दिसेनासा झाला होता.

माझा नवरा मुंबईहून आला तेव्हा त्याला सगळी हकीकत आधीच कळली होती. एवढंच म्हणाला, "तू माझ्या बापाला गावासमोर खोटं पाडलंस." मी म्हटलं, "ते खोटंच बोलले होते." त्याने माझ्यावर हात उगारला, आणि मग खाली घेतला. मामांनी त्यानंतर माझं नाव घेऊन मला कधी हाक मारली नाही. पाणी हवं असलं तर सासूबाईंना सांगत, "तिला सांग." माझ्या हातचं जेवत मात्र होते. नऊ गुरांचा गोठा त्यांनी पुन्हा वाढवला नाही. बाजाराच्या दिवशी घरात बसून राहात. चार वर्षांनी गेले. शेवटच्या दुखण्यात मीच त्यांचं सगळं केलं. एकदा मी त्यांचं तोंड ओल्या फडक्याने पुसत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही, आणि मला हवं ते कळलं असं मी मानून घेतलेलं नाही.

दादाने पुन्हा बैल घेतले नाहीत. खार अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकावर, दुसऱ्याला दिली आणि तो बारमाही मिठागरावर जाऊ लागला. मिठाच्या पाण्याने पायांना भेगा पडत, त्यात मीठ शिरे. त्या जखमा भरत नाहीत. आमचा एकमेकांकडे येण्याजाण्याचा रस्ता बंद झाला. आमची उरलेली गुरं पुढच्या वर्षापासून डोंगराकडे जाऊ लागली, तिकडे माझी गरज नव्हती. सणाला माहेरची वाट बघायची असते हे मी विसरले.

सातव्या वर्षी दादाच्या मोठ्या मुलीचं लग्न निघालं. वहिनीने निरोप धाडला, बोलावणं म्हणून नव्हे, कळवलं इतकंच. मी गेले. मांडवात मला कोणी पुढे बोलावलं नाही, कोणी मागेही सारलं नाही. पंगतीत दादा भात वाढत होता. पायाला फडकी बांधलेली होती, चालताना तो टाचा टेकवत नव्हता. माझ्या पानापाशी आला आणि भांडं खाली टेकवून उभा राहिला.

"पोरी किती झाल्या तुला?"

"दोन."

"आनायच्या होत्यास."

"पुढच्या वेलेला आनते," मी म्हटलं. त्याने भात वाढला आणि पुढच्या पानाकडे सरकला.

पुढची वेळ यायला आणखी तीन वर्षं गेली. तेव्हा दादा अंथरुणाला खिळला होता. मिठागरावर पडून कंबर मोडली होती. मी दोन्ही मुलींना घेऊन गेले. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि वहिनीला त्यांच्या हातावर गूळ ठेवायला सांगितलं. मग मला म्हणाला, "बस." मी त्याच्या उशाशी बसले. संध्याकाळी शेवटची एसटी धरायला वहिनीने उठवलं, तोवर मी तिथेच बसले होते.